दुहेरी मोटारीचा लांबचा प्रवास : विजेचा व पेट्रोलचा जमाखर्च

बैलाला घरच्या कडब्यावर ठेवणें आणि बाजारच्या वाटेवर पेंढी विकत घेऊन त्याच्यापुढें टाकणें, या दोहोंच्या खर्चांतील अंतर कोणाहि कास्तकारास सांगावें लागत नाहीं. मोटारीच्या बाबतींत मात्र चांगलीं शिकलेलीं माणसेंहि हें अंतर विसरतात, असा अनुभव मला सन २०२४ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेंत आला.

कन्येकडे डेट्रॉइट शहराजवळ माझा दोन महिने मुक्काम होता. जांवईबापूंची मोटार शेवरोले व्होल्ट जातीची, म्हणजे विजेवर व पेट्रोलवर अशी दोन्ही तऱ्हांनीं चालणारी. रात्रीं घरच्या प्लगला तार जोडून तिची बॅटरी भरावी; सकाळीं प्रथम ती वीज खर्च होते, आणि ती संपली कीं पेट्रोलचें इंजिन आपोआप सुरू होतें. या जातीच्या मोटारी तयार करणें सन २०१९ मध्यें बंद झालें. तथापि जुन्या गाड्या अद्याप उत्तम चालतात.

आम्ही शिकागोस निघालों. अंतर सुमारें २८० मैल. वाटेंत कलामझू येथें थांबून बॅटरी पुन्हां भरावी, म्हणजे तेवढें पेट्रोल वाचेल, असा जांवईबापूंचा आग्रह पडला. वीज भरण्याच्या खांबाचा दर ताशीं २ डॉलर होता. साडेचार तास आम्ही त्या गांवांत हिंडलों, दोनदां कॉफी घेतली, आणि ९ डॉलर देऊन पुढें निघालों. नातवाची कुरकूर मी हिशेबांत धरीत नाहीं. शिकागोस पोहोंचल्यावर रात्रीं मीं कागद व पेन्सिल घेतली.

अमेरिकेचें पर्यावरण संरक्षण खातें मोटारींच्या कसोटीचे आंकडे प्रसिद्ध करीत असतें. त्यांप्रमाणें सन २०१६ च्या व्होल्टला १०० मैलांस ३१ युनिट वीज लागते, व भरतांना होणारी गळतीहि यांत आलेली आहे. पूर्ण भरलेली बॅटरी ५३ मैल नेते. पुढें पेट्रोलवर ही गाडी गॅलनला ४२ मैल चालते. (तेथील गॅलन ३.७८५ लिटरचा.) आतां ४२ मैलांस वीज किती लागेल? १३ युनिट. म्हणजे या गाडीपुरता एक गॅलन पेट्रोल व तेरा युनिट वीज यांचें काम सारखें. कांहीं लोक एका गॅलनांत ३३.७ युनिटांइतकी शक्ति असते हा आंकडा पुढें करतात. तो खोटा नाहीं, परंतु इंजिन त्या शक्तीचा बहुतेक भाग उष्णतेच्या रूपानें हवेंत सोडून देतें; आपणांस चाकापर्यंत काय पोहोंचतें तें पाहावयाचें आहे.

तेव्हां नियम सोपा झाला. गॅलनच्या भावास १३ नीं भागावें. येईल त्याहून वीज स्वस्त असेल तर घ्यावी, महाग असेल तर खांबाकडे न पाहतां पुढें जावें. त्या वर्षीं पेट्रोलचा देशांतील सरासरी भाव गॅलनला सुमारें ३.३० डॉलर होता; म्हणजे मर्यादा युनिटला २५ सेंट. घरगुती विजेचा सरासरी दर सुमारें १६.५ सेंट, म्हणून घरीं भरण्यांत नफा उघड आहे. आमच्या खांबाची वीज मात्र युनिटला ५५ सेंटांहून वर गेली. कारण गाडी ताशीं ३.६ युनिटांहून अधिक वीज ओढूंच शकत नाहीं, आणि दर तर तासाचा! तासावर मजुरी ठरवून मंद हाताचा गडी लावावा, त्यांतलाच हा प्रकार.

सबंध प्रवासाचा हिशेब असा. केवळ पेट्रोलवर गेलों असतों तर २२ डॉलर. घरून बॅटरी भरून निघालों व उरलेला रस्ता पेट्रोलवर काटला असता, तर २०.५५ डॉलर. आम्ही केलें त्याप्रमाणें, कलामझूचा मुक्काम धरून, सुमारें २५.४० डॉलर. जें पेट्रोल आम्ही वांचविलें त्याची किंमत ४ डॉलर १६ सेंट, आणि त्याकरितां ९ डॉलर मोजले.

घरच्या विजेनेंहि या प्रवासांत दीड डॉलरच वांचतो, हें पाहून जांवईबापू कांहींसे खिन्न झाले. पण त्यांत दोष गाडीचा नाहीं. तीच गाडी रोज पन्नासएक मैल चालून रात्रीं घरीं भरली, तर वर्षाच्या तीनशें दिवसांत हाच दीड डॉलर सवाचारशेंच्या वर जातो. तिची खरी कमाई रोजच्या फेऱ्यांत आहे. लांबच्या रस्त्यावर बॅटरीचे ५३ मैल म्हणजे मोठ्या शेतांतला एक वाफा. तोहि योग्य ठिकाणीं वापरावा. शहराच्या गर्दींत, जेथें थांबावें व पुन्हां निघावें लागतें, तेथें इंजिन तेल नासतें आणि विजेची मोटर ब्रेक लावतांना कांहीं शक्ति परत मिळविते. म्हणून हमरस्त्यावर बॅटरी राखून ठेवण्याची कळ दाबावी व शिकागोच्या वेशींत शिरल्यावर ती सोडावी. उतरण्याच्या हॉटेलांत फुकट वीज असेल तर अवश्य भरावी; परंतु त्या चार डॉलरांच्या लाभासाठीं दहा डॉलर जास्त भाड्याची खोली घेऊं नये.

जांवईबापूंनीं तरीहि एक मुद्दा काढला, कीं शेजाऱ्यांची मोठी गाडी गॅलनला २० मैलच देते. मीं तोहि हिशेब केला. त्या गाडीस मैलाला साडेसोळा सेंट पडतात, आम्हांस खांबावरच्या विजेचे सतरा पडले होते! ते हंसले, आणि परतीच्या वाटेवर कलामझू मागें पडलें तरी कोणी नांव काढलें नाहीं.

हे आंकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावणें चुकीचें होईल. आपल्याकडे पेट्रोल तेथल्यापेक्षां महाग आहे, व दुहेरी गाड्याहि क्वचितच दिसतात. केवळ विजेवर चालणाऱ्या मात्र वाढत आहेत. पेट्रोलची गाडी लिटरला १८ किलोमीटर व विजेची युनिटला ६ किलोमीटर चालते असें धरल्यास एक लिटर म्हणजे ३ युनिट. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरलें तर ३५ रुपयांपर्यंतची वीजहि परवडते. वाटेवरच्या केंद्रांतील दर त्याहून कमी असल्यास खुशाल थांबावें. वाचकांनीं आपल्या गाडीचे व आपल्या वीजबिलाचे आंकडे घालून पाहावें, आणि बिलांतील खालच्या टप्प्याचा दर न धरतां, गाडीमुळें वापर ज्या वरच्या टप्प्यांत जाईल तेथला दर धरावा.

विहिरीवरच्या पंपाच्या जोडणीतून गाडी भरण्याची कल्पना कांहींजणांच्या मनांत येते. ती वीज शेतीच्या कामासाठीं मंजूर झालेली असते. सन २००३ च्या वीज कायद्याच्या १२६ व्या कलमान्वयें मंजूर कामाखेरीज अन्य कामास वीज वापरणें अनधिकृत ठरतें, व तिची आकारणी लागू दराच्या दुपटीनें होते.