घरच्या घरी धुण्याचा साबण व भांड्यांची पूड

शेतकरी कुटुंबाच्या महिन्याच्या बाजारात मीठ, चहा व साखर यांच्या जोडीने साबण व धुण्याची पूड हा खर्च ठरलेलाच असतो. शेतातील कामाचे कपडे मातीने, घामाने व तेलाच्या डागांनी मळतात. ते रोज धुवावे लागतात. हा खर्च एका वेळी थोडा वाटतो, म्हणून त्याचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही. परंतु वर्षाची बेरीज केल्यास ती रक्कम बियाण्याच्या एखाद्या पिशवीइतकी सहज भरते. ह्या खर्चापैकी बराच भाग योग्य माहितीने वाचविता येतो. मात्र घरी केलेला प्रत्येक साबण स्वस्तच पडतो, असे नाही. कोठे बचत होते व कोठे होत नाही, हे अगोदर समजून घेणे अगत्याचे आहे.

साबण वाया कोठे जातो?

महाराष्ट्राच्या पठारावरील अनेक विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी जड असते. शास्त्रीय भाषेत त्यास दुष्फेन पाणी म्हणतात. अशा पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. साबण पाण्यात पडताच प्रथम ह्या क्षारांशी संयोग पावतो व त्याचा चिकट, करडा साका तयार होतो. क्षार संपल्याशिवाय फेस येत नाही, आणि फेस येईपर्यंत लागलेला सर्व साबण फुकट जातो. शिवाय तोच साका कापडात बसून पांढरे कपडे पिवळट व राठ करतो.

हा तोटा किती होतो, ते मोजता येते. पाण्याचा जडपणा लिटरला ३०० मिलिग्रॅम असेल, तर १५ लिटरच्या एका बादलीत सुमारे २७ ग्रॅम साबण मळास हात लावण्यापूर्वीच नष्ट होतो. दररोज एक बादली धरली तरी महिन्याला सुमारे ८०० ग्रॅम साबण असा वाया जातो. हेच काम धुण्याचा सोडा फार थोड्या प्रमाणात करतो. बादलीस सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे शीग भरून एक चहाचा चमचा, कोरडा सोडा पुरेसा होतो. खड्यांच्या स्वरूपातील सोडा असल्यास १३ ग्रॅम लागतो, कारण त्यात पाण्याचा अंश पुष्कळ असतो. सोडा टाकून पाणी ढवळावे, अर्धा तास तसेच ठेवावे व मग साबण वापरावा. साबणाच्या खर्चातील सर्वांत सोपी बचत ती हीच, आणि तिच्यासाठी घरी साबण करण्याचीही गरज नाही.

आपल्या विहिरीचे पाणी जड आहे काय, हे पाहण्याची रीत सोपी आहे. एका बाटलीत विहिरीचे पाणी व दुसऱ्या तशाच बाटलीत पावसाचे पाणी अर्धी बाटली घ्यावे. दोहोंत साबणाचा सारखाच कीस टाकून जोराने हलवावे. पावसाच्या पाण्यात भरपूर फेस येतो. विहिरीच्या पाण्यात फेस न येता दह्यासारख्या गुठळ्या दिसल्यास ते पाणी जड समजावे.

तीन सोडे, तीन गुण

बाजारात ‘सोडा’ ह्या एकाच नावाने तीन भिन्न पदार्थ मिळतात. खाण्याचा सोडा सौम्य असतो. भांड्यांचा वास व हलके डाग घालविण्यास तो उपयोगी पडतो. धुण्याचा सोडा अधिक तीव्र असून पाणी हलके करणे व तेलकट मळ काढणे ही त्याची कामे होत. तिसरा कॉस्टिक सोडा, म्हणजे दाहक सोडा. तेलापासून साबण करण्यास तो लागतो. परंतु तो कातडी जाळतो आणि डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते. हे तिन्ही पदार्थ दिसावयास पांढरेच असल्याने त्यांचे डबे वेगळे ठेवून प्रत्येकावर ठळक नाव लिहावे. दाहक सोडा खाद्यपदार्थांच्या किंवा पेयांच्या रिकाम्या बाटलीत कधीही ठेवू नये. तो घट्ट झाकणाच्या जाड प्लॅस्टिकच्या डब्यात, मुलांच्या हातास न लागेल असा कुलपात ठेवावा.

साबण कोणी करावा?

खाण्याचे खोबरेल बाजारभावाने विकत घेऊन धुण्याचा साबण केल्यास तो बाजारातील वडीपेक्षा बहुधा महागच पडतो. म्हणून ज्यांच्याकडे तेल घरचे आहे, त्यांनीच हा उद्योग करावा. कोकणात खवट झालेल्या खोबऱ्याचे तेल, ओढ्याकाठच्या करंजांच्या बियांचे घाणीवरून काढलेले तेल, मोहाच्या टोळंबीचे तेल, किंवा तळणाचे उरलेले तेल ह्यांचा असा उपयोग होतो. तळणाचे तेल फडक्यातून गाळून घ्यावे. अखाद्य तेलांपासून साबण हा विषय नवा नाही. १९५७ साली स्थापन झालेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने आपल्या ग्रामोद्योगांत त्याचा समावेश केलेला होता.

प्रमाण व कृती

प्रत्येक तेलास लागणारा दाहक सोडा वेगवेगळा असतो. म्हणून मापाने न घेता सर्व पदार्थ एक ग्रॅमपर्यंत अचूक असलेल्या काट्यावर तोलूनच घ्यावेत. पुढील प्रमाणांत थोडे तेल मुद्दाम शिल्लक राहील असे धरले आहे, म्हणजे वडीत मोकळा सोडा उरत नाही.

(१) खोबरेल १ किलो, दाहक सोडा १७५ ग्रॅम, पाणी ४०० ग्रॅम.
(२) खोबरेल ५०० ग्रॅम, तळणाचे शेंगदाणा किंवा सोयाबीन तेल ५०० ग्रॅम, दाहक सोडा १५० ग्रॅम, पाणी ४०० ग्रॅम.
(३) करंज तेल ६०० ग्रॅम, खोबरेल ४०० ग्रॅम, दाहक सोडा १४० ग्रॅम, पाणी ३८० ग्रॅम.

पहिल्या प्रकारचा साबण जड पाण्यातही इतरांपेक्षा बरा फेस देतो. तिसरा काळपट व उग्र वासाचा होतो, परंतु कामाच्या कपड्यांस तो चांगला असतो.

काम उघड्या हवेशीर जागी करावे. चष्मा, रबरी हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. मुले व जनावरे दूर ठेवावीत. स्टीलच्या किंवा जाड प्लॅस्टिकच्या भांड्यात प्रथम पाणी घ्यावे व त्यात सोडा थोडा थोडा सोडीत लाकडी दांड्याने ढवळावे. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. तसे केल्यास द्रावण एकाएकी उकळून अंगावर उडते. ॲल्युमिनियमचे भांडे ह्या कामी सर्वथा वर्ज्य समजावे. दाहक सोडा ते भांडे खातो व त्यातून पेट घेणारा वायू निघतो.

द्रावण अतिशय तापते. ते कोमट होईपर्यंत थांबावे. तेलही तितकेच कोमट करून घ्यावे व त्यात द्रावण बारीक धारेने सोडून एकसारखे ढवळावे. मिश्रण सायीसारखे दाट झाले व त्यावर दांड्याची रेघ उमटू लागली, की प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या लाकडी साच्यात ओतावे. खोबरेलाचा साबण लवकर कडक होतो. तो १२ ते २४ तासांत कापावा, नाहीतर तुकडे पडतात. इतर साबण एक-दोन दिवसांनी कापावेत. हातमोजे ह्याही वेळी काढू नयेत. वड्या सावलीत, वारा लागेल अशा मोकळ्या मांडून चार आठवडे सुकू द्याव्यात. वडीत पांढरे खडे दिसल्यास किंवा तिच्यातून पाणी सुटल्यास ती वापरू नये.

दाहक सोडा अंगावर उडाल्यास ओले कपडे ताबडतोब काढून तो भाग वाहत्या पाण्याखाली निदान २० मिनिटे धुवावा. डोळ्यात गेल्यास पापण्या उघड्या धरून तसेच धुवावे व लगेच दवाखाना गाठावा. लिंबू, चिंच किंवा व्हिनेगर लावू नये. पोटात गेल्यास उलटी करवू नये. विलंब न लावता रुग्णालयात न्यावे.

कपड्यांची व भांड्यांची पूड

सुकलेला साबण किसून त्यात समभाग कोरडा धुण्याचा सोडा मिसळला, की सुती कपड्यांची पूड तयार होते. बादलीस दोन ते तीन चमचे घालून कपडे अर्धा तास भिजवावेत. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी घराच्या परसात तयार करून सायकलवरून विकलेली धुण्याची पूड पुढे देशभर पसरली. परंतु ती पूड साबणाची नसून कृत्रिम द्रव्याची होती, हे ध्यानात ठेवावे. अशा पुडीस लागणारी ॲसिड स्लरी दाहक असते. माहितगार माणसाच्या देखरेखीवाचून ती हाताळू नये. कपडे धुण्याच्या यंत्रात जड पाण्याबरोबर साबणाची पूड वापरल्यास साका साचतो, व भांडी धुण्याच्या यंत्रात तर साबणाचा फेस बाहेर येतो. यंत्रांसाठी त्यांचीच पूड घ्यावी.

भांड्यांसाठी लाकडाची किंवा गोवरीची बारीक चाळलेली राख ८०० ग्रॅम, धुण्याचा सोडा १०० ग्रॅम व साबणाचा कीस १०० ग्रॅम एकत्र करावे. राखेतील क्षार तेलकटपणा काढतो व तिचे कण भांडे घासतात. प्लॅस्टिक, रबर किंवा कोळसा जळालेली राख घेऊ नये. तांब्यापितळेची भांडी प्रथम चिंचेने घासून धुवावीत. चिंचेतील आंबट द्रव्याने काळा थर विरघळतो. ॲल्युमिनियमच्या भांड्यांस मात्र सोड्याची पूड लावू नये, त्याने ती काळवंडतात व झिजतात.

रिठ्याचा उपयोग

रेशमी व लोकरीच्या वस्त्रांस सोडा मानवत नाही. त्यांच्यासाठी रिठा उत्तम होय. बिया काढलेली १०० ग्रॅम टरफले एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालावीत. सकाळी पंधरा-वीस मिनिटे उकळून कुस्करावीत व गाळावीत. हे पाणी दोन-तीन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढेच करावे. ॲल्युमिनियमच्या भांड्यांसही ते चालते. रिठ्याचे पाणी डोळ्यांस झोंबते व माशांस विषारी असते. ते ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नये.

सांडपाणी

सोड्यात सोडियम असते. धुण्याचे पाणी रोज एकाच वाफ्यात सोडल्यास काळ्या जमिनीची घडण बिघडून ती चोपण होऊ लागते. म्हणून साबण-सोड्याचे पहिले पाणी विहिरीपासून दूर असलेल्या शोषखड्ड्यात सोडावे व शेवटच्या खळबळण्याचे स्वच्छ पाणीच परसबागेस द्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बचत गटाच्या एका बैठकीत प्रथम बाटलीची परीक्षा व सोड्याचा प्रयोग करून दाखवावा. त्यानंतर ज्यांच्याकडे तेल घरचे आहे, अशांनाच साबणाची कृती शिकवावी व पहिले दोन घाणे स्वतः हजर राहून करवून घ्यावेत. विक्रीचा विचार असल्यास परवान्याचे नियम अगोदर विचारून घ्यावेत. अंगाच्या साबणास ते अधिक कडक आहेत. प्रत्येक कुटुंबाने दोन महिन्यांचा साबणाचा खर्च वहीत मांडावा. एक महिना नेहमीप्रमाणे व एक महिना सोडा वापरून. बचत किती झाली, हे त्या वहीवरूनच स्पष्ट होईल.