बागबाजारची दुपारची शाळा

प्रौढांच्या मोफत शिक्षणवर्गांविषयी लिहावे अशी संपादकांची सूचना आली, तेव्हा माझा मुक्काम डमडमला होता. आणि डमडमहून मेट्रोने निघून, बेलगाछिया ओलांडून श्यामबाजारास उतरले, की पायी जाण्याजोग्या अंतरावर बागबाजारातील ती बोसपाडा गल्ली लागते, जेथे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, भर दुपारी आणि कसलीही फी न घेता, संसारी स्त्रियांच्या हाती प्रथमच पुस्तक ठेवले गेले.

त्या गल्लीतील शाळेचा अधिकृत इतिहास सर्वश्रुत आहे. आयर्लंडात जन्मलेल्या मार्गारेट नोबल, अर्थात भगिनी निवेदिता, यांनी १३ नोव्हेंबर १८९८ रोजी, कालीपूजेच्या दिवशी, १६, बोसपाडा लेन येथे मुलींची शाळा उघडली आणि रामकृष्ण परमहंसांच्या पत्नी श्रीशारदादेवी यांनी तिला आशीर्वाद दिला. सासरी शारदादेवी अक्षरे गिरवू लागल्या, तेव्हा घरच्याच माणसाने त्यांच्या हातातून पुस्तक हिसकावून घेतले होते. पुढे खटपट करून त्या वाचावयास शिकल्या, परंतु लेखन त्यांना अखेरपर्यंत साधले नाही. अशा स्त्रीच्या आशीर्वादाने एखादी शाळा सुरू व्हावी, यास माझ्या लेखी मोठा अर्थ आहे. वर्षभरातच पैशाअभावी शाळा बंद ठेवून निवेदितांना द्रव्यसाहाय्यार्थ पश्चिमेस जावे लागले. १९०२ मध्ये परतल्यावर त्यांनी ती पुन्हा सुरू केली.

मला मात्र खिळवून ठेवले ते निवेदितांहून कमी प्रसिद्ध अशा एका व्यक्तीने. भगिनी ख्रिस्तीन या जन्माने जर्मन, वाढल्या अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी, आणि वडिलांच्या मृत्यूनंतर शाळेत शिकवून त्यांनी आई व धाकट्या बहिणींचा भार वाहिला. १८९५ मध्ये थाउजंड आयलंड पार्क येथे त्यांना विवेकानंदांचा सहवास लाभला. १९०२ मध्ये त्या भारतात आल्या, आणि १९०३ च्या नोव्हेंबरात त्यांनी त्या शाळेत विवाहित व विधवा स्त्रियांचा स्वतंत्र विभाग सुरू केला, ज्यास बंगालीत पुरस्त्री विभाग म्हणत. वाचन, लेखन, शिवणकाम आणि धर्मग्रंथांचे श्रवण असा तेथील पाठक्रम होता. त्यात अपूर्व असे काही नाही. अपूर्व होती ती वेळेची आणि वाटेची तजवीज.

त्या काळच्या गृहिणीचा दिवस असा: सकाळी स्नान, देवपूजा, स्वयंपाक. पुरुष कचेरीस गेल्यावर मागाहून स्वतःचे जेवण. आणि दिवस कलू लागताच पुन्हा चूल. या दोहोंच्या मधला जो काळ, तोच काय तो त्या गृहिणीचा स्वतःचा, आणि तोही बहुधा निवडण-टिपणात वा लवंडण्यात जाई. ख्रिस्तीनबाईंनी त्या बायकांना आपल्या घंटेवर बोलाविले नाही, तर आपली घंटा त्यांच्या विसाव्याच्या प्रहरात नेऊन बसविली. परंतु वेळ साधली तरी वाट उरतेच. सभ्य घराण्यातील सुनेने भर रस्त्याने पायी चालत जाणे त्या काळच्या उत्तर कलकत्त्यात अशक्यप्राय होते. म्हणून झाकलेली घोडागाडी दारापर्यंत पाठवावी, सोबतीस विश्वासू मोलकरीण द्यावी, आणि त्याहीपूर्वी ख्रिस्तीनबाईंनी स्वतः घरोघर जाऊन सासूबाईंची संमती मिळवावी, असा बंदोबस्त करावा लागे. तो ज्यांनी केला, त्या शिक्षणकार्याचे मर्म पुरते जाणत होत्या, असे मी निःशंकपणे म्हणतो. आपल्याकडे पुण्यास १९०९ मध्ये सेवासदन निघाले, तेव्हा रमाबाई रानड्यांनाही हाच मार्ग दिसला, आणि प्रौढ स्त्रियांचे वर्ग दुपारीच भरू लागले. रमाबाईंची स्वतःची अक्षरओळख विवाहानंतर सासरी, घरातील बायकांचा रोष सोसून झालेली होती, त्यामुळे त्यांना हे कोणी सांगावयाची गरज नव्हती.

आता चिंतेचा भाग. जे मोफत दिले जाते, त्याचा खर्च कोणीतरी सोसतच असतो. गाडीचे भाडे, मोलकरणीचा पगार, घरभाडे, पाट्या, कापड हे सर्व निवेदितांच्या पुस्तकांच्या उत्पन्नातून आणि सेरा बुल यांच्यासारख्या परदेशी स्नेह्यांच्या मदतीतून भागे. आणि हात आखडला की निवेदिता प्रथम आपल्याच अन्नवस्त्राला कात्री लावीत. १९११ च्या जानेवारीत सेरा बुल गेल्या. १३ ऑक्टोबरला दार्जिलिंग येथे, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, निवेदिता गेल्या. आपले जे काही होते ते भारतीय स्त्रियांच्या राष्ट्रीय शिक्षणार्थ बेलूर मठाच्या विश्वस्तांकडे त्यांनी मृत्युपत्राने सोपविले. १९१४ मध्ये ख्रिस्तीन अमेरिकेस गेल्या, तोच महायुद्ध पेटले, आणि दहा वर्षे त्यांना परतता आले नाही. मागे राहिल्या त्या सुधीरादेवी, १९०६ पासून शाळेत शिकविणाऱ्या. परंतु १९२० मध्ये काशीनजीक आगगाडीतून पडून त्यांचाही अंत झाला. १९२४ मध्ये ख्रिस्तीन परत आल्या, तेव्हा शाळा रामकृष्ण मिशनच्या व्यवस्थेखाली गेलेली होती आणि तिच्यात त्यांच्यासाठी पूर्वीचे स्थान उरलेले नव्हते. १९३० मध्ये न्यूयॉर्क येथे त्या वारल्या. शाळा टिकली, वाढली, आज ती निवेदिता लेनमध्ये श्रीशारदा मठाशी संलग्न रामकृष्ण शारदा मिशनकडून चालविली जाते. परंतु मुलींच्या शाळेला सरकार, समाज आणि परीक्षा यांचा आधार मिळतो, तसा चाळिशीतल्या निरक्षर गृहिणीच्या वर्गाला क्वचितच मिळतो, आणि एक-दोन माणसे गेली की तो वर्ग कोसळण्याचे भय कायम असते.

अशा वर्गासाठी जागा मात्र आहे: महाराष्ट्रात गावोगाव, वाडीवस्तीवर, सरकारी पैशाने बांधलेली समाजमंदिरे आहेत, आणि त्यांतील कितीतरी दुपारी कुलूपबंद असतात. ज्यांच्या हाती त्यांच्या किल्ल्या आहेत त्यांना माझी विनंती आहे, की दुपारचे दोन तास ती उघडावीत, शिकविणारी बाई नेमावी, तिला नियमित मानधन द्यावे, आणि पाट्यांची खरेदी करण्यापूर्वी गावातील बायकांना मोकळा वेळ केव्हा असतो आणि त्या तेथवर कशा येतील, हे त्यांच्या दारी जाऊन विचारावे.