फोर्नासेत्ती, प्येरो

फोर्नासेत्ती, प्येरो : (१० नोव्हेंबर १९१३–१९८८). इटालियन चित्रकार, मुद्रक व फर्निचर-अभिकल्पक. अभिजात व प्रबोधनकालीन वास्तूंमधील स्तंभ, स्तंभशीर्षे, कमानी, गवाक्षे इ. अलंकरणे आधुनिक फर्निचरवर आणून त्याला लहानशा वास्तूचे रूप देणारा कलावंत म्हणून तो विशेष प्रसिद्ध आहे. जन्म मिलान येथे. १९३० मध्ये त्याने तेथील ब्रेरा कला अकादमीत प्रवेश घेतला; परंतु शिस्तभंगावरून १९३२ मध्ये त्याला तेथून काढून टाकण्यात आले. पुढे उत्कीर्णन व शिलामुद्रण यांची तंत्रे त्याने स्वतःच आत्मसात केली आणि मुद्रणशाळा काढली. जॉर्जो दे कीरीको, कार्लो कार्रा, मारीनो मारीनी यांसारख्या कलावंतांच्या कृती तेथे छापल्या गेल्या. फोर्नासेत्तीच्या फर्निचरचे मूळ सुताराच्या कामठ्यापेक्षा या मुद्रणशाळेत शोधणे अधिक योग्य ठरते. रेशमी रुमालांवरील त्याच्या छपाईमुळे वास्तुविशारद जो पोंती (१८९१–१९७९) याचे लक्ष त्याच्याकडे वेधले गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४६ पर्यंत, तो स्वित्झर्लंडमध्ये आश्रयास होता. युद्धानंतर पोंती व फोर्नासेत्ती यांचे सहकार्य खऱ्या अर्थाने बहरास आले.

त्या वेळचे कलाविषयक वातावरण अशा कामास अनुकूल नव्हते. अलंकरण म्हणजे श्रम व सामग्री यांचा अपव्यय होय, असे प्रतिपादन ऑस्ट्रियन वास्तुविशारद आडोल्फ लोस (१८७०–१९३३) याने विसाव्या शतकाच्या आरंभी केले होते. पुढे पोलादी नळ्यांच्या खुर्च्या व सपाट पृष्ठभागांची कपाटे हीच आधुनिकतेची खूण मानली जाऊ लागली. फोर्नासेत्तीने या मताशी वाद घातला नाही. आधुनिकांचा सपाट पृष्ठभाग त्याने जसाच्या तसा स्वीकारला आणि त्यावरच इतिहास छापला. एकोणिसाव्या शतकातील पुनरुज्जीवनवादी फर्निचरपासून त्याचे काम वेगळे पडते, ते याच मुद्द्यावर. जुन्या नमुन्यांवर बेतलेल्या त्या फर्निचरमध्ये लाकडात कोरलेली खरीखुरी कमान असे. फोर्नासेत्तीच्या कपाटावर असते ते कमानीचे चित्र.

‘आर्कितेत्तुरा’ हे उंच कपाट त्याची सर्वांत प्रसिद्ध कृती होय. मिलान येथे १९५१ मध्ये भरलेल्या नवव्या त्रैवार्षिक प्रदर्शनात ते प्रथम मांडण्यात आले. खाली खण, मध्ये उघडून लिहिण्यासाठी वापरावयाची फळी आणि वर दोन दारांचे कपाट, ही त्याची घडण अठराव्या शतकातील परंपरेतून आलेली असून आकार पोंतीचा आहे. त्याची उंची सु. २.१८ मी., रुंदी ८० सेंमी. व खोली ४० सेंमी. आहे; पाय मात्र अत्यंत बारीक आहेत. बाह्य पृष्ठभागावर जुन्या उत्कीर्णनांच्या धर्तीवर काळ्या रेषांत एका राजवाड्याचा दर्शनी भाग रेखाटलेला आहे. कपाट बंद असताना खणांचे व दारांचे सांधे या रेषांमध्ये लपून जातात. दारे उघडल्यावर आत दिसतात, ती यथादर्शनाच्या नियमांनुसार मागे मागे जाणारी दालने व छते. चाळीस सेंमी. खोलीत सभागृहाच्या खोलीचा भास होतो. येथे खोदकाम नाही, उठाव नाही. तरीही ही वस्तू एखाद्या शिल्पाप्रमाणे दालनातील अवकाश व्यापते. रस्त्यावर उभे राहून पाहावयाची इमारत या कपाटामुळे खोलीत येते, एवढेच नव्हे, तर हाताने उघडता येते, हे या कृतीच्या आकर्षणाचे खरे कारण म्हणता येईल.

‘पाल्लादियाना’ हे खणांचे कपाट याच पद्धतीचे आहे. त्याचा पुढील भाग किंचित वक्र असून त्यावर पाल्लादियोच्या शैलीतील दर्शनी भाग रेखाटलेला आहे. स्तंभशीर्षाच्या खुर्च्यांत मात्र फोर्नासेत्ती एक पाऊल पुढे गेलेला दिसतो. तेथे खुर्चीची पाठच कॉरिंथियन स्तंभशीर्षाच्या बाह्यरेषेत कापलेली असून तिच्यावर अकँथसची पाने छायेसह काढलेली आहेत. स्तंभशीर्षाने पेलावयाची असते तुळई; येथे त्याच्यावर बसणाऱ्याची पाठ टेकते. ही कोटी फोर्नासेत्तीच्या स्वभावास साजेशीच आहे.

या वस्तू यंत्रातून निघाल्यासारख्या दिसत असल्या, तरी त्यांची निर्मिती मंद गतीने होते. चित्र प्रथम कागदावर छापून ते तयार केलेल्या लाकडी पृष्ठभागावर उतरवले जाते, आवश्यक तेथे हाताने रंग भरले जातात आणि मग रोगणाचे अनेक थर देऊन पृष्ठभाग गुळगुळीत केला जातो. एकाच चित्राच्या अनेक प्रती काढण्याची मुद्रकाची दृष्टी व कारागिराचे हस्तकौशल्य यांचा हा संयोग होता. छपाईमुळे कला घरोघर पोहोचावी, अशी त्यामागील धारणा. प्रत्यक्षात हे फर्निचर संग्राहकांपुरतेच राहिले.

१९५० नंतरच्या दशकात सान रेमो येथील कॅसिनो, मिलानमधील लुकानो निवास आणि ‘आंद्रेआ दोरिआ’ या प्रवासी जहाजावरील दालने पोंती व फोर्नासेत्ती यांनी मिळून सजविली. यांपैकी जहाज १९५६ मध्ये अपघातात बुडाले. लीना काव्हालिएरी या गायिकेच्या चेहऱ्यावर आधारलेली बशांवरील चित्रमालिका लोकांना अधिक परिचित आहे. तीत साडेतीनशेहून अधिक प्रकार आहेत. विपुलतेमुळे त्याच्या कामात पुनरावृत्ती आली, हे नाकारता येत नाही. तीच ती चित्रे बशी, छत्रीदाणी, दिवा अशा वाटेल त्या वस्तूवर आली, की त्यांतील आश्चर्य ओसरते.

१९६० नंतर प्लॅस्टिकच्या फर्निचरपुढे त्याचे काम मागे पडले. पण त्याच सुमारास वास्तू-अलंकरणाचे फर्निचर निराळ्या मार्गाने परत आले. तूरिन येथील ‘स्तूदिओ ६५’ या अभिकल्पकांच्या गटाने १९७१ मध्ये ‘कापितेल्लो’ हे आसन तयार केले. आयोनिक स्तंभशीर्ष कलते ठेवल्यासारखा त्याचा आकार आहे. दिसावयास दगडी, परंतु पॉलियुरेथेन फेसाचे असल्याने बसताच ते दबते. फोर्नासेत्तीने घनाकृती अलंकरणाचे सपाट चित्र केले; या गटाने ते पुन्हा घनाकृती केले व त्यातील काठिण्य काढून घेतले. अमेरिकन वास्तुविशारद रॉबर्ट व्हेंटुरी याने १९८४ मध्ये नोल या कंपनीसाठी केलेल्या प्लायवुडच्या खुर्च्यांत जुन्या शैली केवळ कापलेल्या बाह्यरेषांतून सुचविलेल्या आहेत. त्या पाहताना फोर्नासेत्तीच्या स्तंभशीर्षाच्या खुर्च्यांची आठवण होते. आधुनिकोत्तर वास्तुकलेने ऐतिहासिक अलंकरणास पुन्हा प्रतिष्ठा दिल्यावर त्याच्या कामाकडेही अभ्यासक वळले.

मिलान येथे तो मृत्यू पावला. त्यानंतर त्याचा मुलगा बार्नाबा याने मुद्रणशाळेची परंपरा पुढे चालविली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात १९९१-९२ मध्ये व जन्मशताब्दीनिमित्त २०१३ मध्ये मिलान येथे त्याच्या कामाची मोठी प्रदर्शने झाली. २०२० मध्ये पार्मा येथील पिलोत्ता या वास्तुसमूहात त्याच्या कृती जुन्या वास्तूंच्या सान्निध्यात मांडण्यात आल्या. याच समूहात १६१८ मधील फार्नेसे नाट्यगृह आहे. दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावात उद्ध्वस्त झाल्यावर ते पुन्हा उभारण्यात आले. ते मुळात लाकूड व गिलावा यांनी बांधलेले असून संगमरवराचा भास व्हावा म्हणून रंगविलेले होते.