मिठाचे स्फटिक करताय? बशी फ्रिजमध्ये ठेवू नका!

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी आटलं की काठावर पांढरा थर उरतो. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. (लोणारच्या थरात मिठासोबत सोडाही असतो.) हीच गंमत मुलांना घरी दाखवा. १०० मिली गरम पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत, म्हणजे साधारण ३८ ग्रॅम, घाला. गरम पाणी मोठ्यांनीच हाताळावं. गाळून पसरट बशीत ओता.

अनेकजण बशी फ्रिजमध्ये ठेवतात. तुरटीला ते चालतं, मिठाला नाही. कारण बर्फागत थंड पाण्यातही जवळपास ३६ ग्रॅम मीठ विरघळलेलंच राहतं. इथे थंडी नाही, बाष्पीभवन हवं. विदर्भातल्या हिवाळ्याची कोरडी हवा त्याला झकास. पण पंखा नको, बशी हलवणंही नको. घाईत वाळलं तर चुरा मिळतो, सावकाश वाळलं तर भिंगाशिवाय दिसणारे चौकोनी स्फटिक.