खाल्लेला बटाटा जातो कुठे?

आज घरात सगळ्यांना एक कोडं घाला. काल रात्री जेवणात बटाट्याची भाजी होती. समजा, एक अख्खा बटाटा तुमच्या पोटात गेला. मग आज तो बटाटा कुठे आहे?

बाबा म्हणतील, "पचला." आजी म्हणेल, "अंगी लागला." ताई मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणेल, "एनर्जी झाली." आणि धाकटा भाऊ एक शब्द उच्चारून खिदळत पळून जाईल. तो शब्द मी इथे लिहीत नाही. पण गंमत म्हणजे त्या उत्तरालाही फार तर पाचदहा मार्क मिळतील. बटाट्यात पाचातले चार भाग पाणीच असतं, ते घामातून आणि लघवीतून जातं. उरलेला बटाटा मात्र बहुतेक सगळा तुमच्या नाकातून बाहेर गेला!

विश्वास नाही बसत? मोठमोठ्यांचाही बसत नाही. ऑस्ट्रेलियातल्या रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या दोघांनी 2014 साली असाच एक प्रश्न डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि व्यायामशिक्षक मिळून दीडशे जणांना विचारला होता : माणसाची चरबी कमी होते तेव्हा ती जाते कुठे? बहुतेकांनी सांगितलं, तिची ऊर्जा होते. या दोघांनी हिशेब मांडून दाखवला. 10 किलो चरबी वापरली गेली, तर 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड बनून उच्छ्वासातून जाते आणि 1.6 किलोचं पाणी होतं. ऊर्जा मिळते हे खरंच, पण ऊर्जेचं काही वजन करता येत नाही. वजन जातं ते नाकावाटे.

आता पिशवी घ्या आणि चला माझ्याबरोबर पुण्याच्या मंडईत. कोड्याचं पुढचं उत्तर तिथे आहे.

मंडई म्हणजे महात्मा फुले मंडई. काळ्या दगडाची, मधोमध अष्टकोनी मनोरा असलेली ही इमारत 1886 साली उघडली. तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते लॉर्ड रे, म्हणून तिचं नाव पडलं रे मार्केट. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा. आता ऐका मजा. जोतीराव फुले तेव्हाच्या पुणे नगरपालिकेचे सदस्य होते आणि या बांधकामाच्या खर्चाला त्यांनी विरोध केला होता. एवढा पैसा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना याच इमारतीला फुल्यांचं नाव मिळालं. पुण्यात असं चालतं!

भोगीच्या आदल्या दिवशी मंडईत आलात तर पाय ठेवायला जागा नसते. हरभऱ्याच्या हिरव्यागार जुड्या, पावटा, घेवडा, लालबुंद गाजरं, काटेरी देठांची वांगी, बोरं, उसाचे करवे. आणि मटार! थंडीत मटाराचे नुसते ढीग. "ये बाळा, शेंग खाऊन बघ, मग घे," असं म्हणत गाळ्यावरच्या मावशी एक शेंग पुढे करतात. तुम्ही ती सोलता, दाणे तोंडात टाकता. साखरेसारखे गोड.

मावशींची परवानगी घ्या आणि मटाराची तुडुंब भरलेली गोणी शेजारी असेल तर तिच्यात मधोमध, खोलवर हात घाला. वरच्या शेंगा गार लागतात. आतल्या? चक्क कोमट!

गोणीत ना शेगडी ना ऊन, मग ही ऊब आली कुठून?

मटार श्वास घेतोय. वेलीवरून तोडला म्हणून तो मेला नाही. शेंगेतला दाणा न् दाणा जिवंत आहे. तो हवेतला ऑक्सिजन आत घेतो, स्वतःजवळची साखर थोडी थोडी जाळतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो. जाळतो म्हटलं तरी धूर नाही, ज्वाळा नाही, थोडी ऊब तेवढी निघते. एका शेंगेची ऊब कळतही नाही. गोणीत हजारो शेंगा एकमेकींना बिलगून बसल्या की हाताला कळते.

आणि हेच तर तुम्ही करता! दाण्याच्या प्रत्येक पेशीत तंतुकणिका नावाच्या इवल्याइवल्या भट्ट्या असतात. पेशी पाहण्याच्या साध्या सूक्ष्मदर्शकातून त्या जेमतेम दिसतात. तशाच भट्ट्या तुमच्या पोटरीत, दंडात, हृदयात आणि मेंदूत आहेत. काम तेच, इंधन तेच आणि निघणारा वायूही तोच. बटाट्यातल्या पिष्टमय पदार्थाची पोटात साखर होते, ती रक्तातून या भट्ट्यांपर्यंत पोचते, तिथे जळते आणि तिचा कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातून जातो. तुम्ही आत घेता त्या हवेत हा वायू असतो जेमतेम 0.04 टक्के. बाहेर सोडता त्या हवेत असतो सुमारे 4 टक्के, म्हणजे शंभरपट. हा जास्तीचा वायू म्हणजेच कालचा बटाटा, परवाची पोळी आणि वाढदिवसाचा केक.

आता मंडईतल्या बाकीच्या गोष्टींकडे या नजरेने बघा. कोथिंबिरीच्या जुड्यांवर काका मधूनमधून पाणी मारतात, गाळ्यावर ओलं गोणपाट टाकतात. आपल्याला वाटतं, भाजी चमकावी म्हणून. थोडं तसंही असेल! पण पाण्याची वाफ होताना पानं गार पडतात, आणि गार भाजी सावकाश श्वास घेते. तापमान 10 अंशांनी वाढलं की भाजीच्या श्वासाचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. म्हणून उन्हात ठेवलेली जुडी दुपारपर्यंत मान टाकते. मंडईच्या उंच छपराचाही इथे फायदाच. गरम हवा वर जाते आणि खाली भाजी त्यातल्या त्यात गारव्याला राहते.

सगळ्या भाज्या सारख्याच वेगाने श्वास घेत नाहीत. कांदा आणि बटाटा एकदम निवांत. पुढच्या मोसमात कोंब फुटेपर्यंत त्यांना जमिनीखाली नुसतं पडून राहायचं असतं, घाई कसली? म्हणून ते महिनोन्महिने टिकतात. मटार, मक्याचं कणीस, पालेभाज्या मात्र धापा टाकणाऱ्या. त्यात मटाराचं आणखी एक. तोडल्यापासून त्याची थोडी साखर जळते आणि बरीचशी पिष्टमय पदार्थात बदलते. सकाळी गोड असलेला दाणा दोन दिवसांनी पिठूळ लागतो तो यामुळे. सासवडकडून मटार येतो तेव्हा "आजचाच तोडा आहे का?" असं आजी खोदून खोदून विचारते ना, तिला हे सगळं जिभेने ठाऊक असतं. पालेभाजीतलं क जीवनसत्त्वही असंच तासातासाने कमी होत जातं. ताजी भाजी घ्या, असं सगळे म्हणतात, त्यामागचं कारण हे.

तुम्ही म्हणाल, भट्टीला साखरच लागते ना, मग बिस्किटाचा पुडा खाल्ला की झालं! मंडईत कशाला यायचं?

हुशार आहात, पण भट्टी नुसत्या इंधनावर चालत नाही. साखर टप्प्याटप्प्याने जाळायला ब गटातली जीवनसत्त्वं लागतात, मॅग्नेशियम लागतं. ऑक्सिजन फुप्फुसातून तिथवर वाहून न्यायला रक्तात लोह लागतं, आणि खुद्द भट्टीच्या आतही लोहाशिवाय अडतं. गोड बिस्किटात इंधन भरपूर असतं, बाकीचं सामान जवळजवळ नसतंच. मग अशक्तपणा येतो, जिना चढताना धाप लागते, वर्गात पेंग येते.

या हिशेबात भोगीची मिसळभाजी म्हणजे आपल्याकडच्या स्वयंपाकातली सगळ्यात हुशार भाजी, असं माझं स्पष्ट मत आहे. मटार, पावटा आणि हरभऱ्यात प्रथिनं. गाजरात केशरी रंगाचं कॅरोटीन, त्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं. कॅरोटीन तेलाशिवाय नीट शोषलं जात नाही, तर भाजीत तेलही आहे आणि तिळाचं कूटही. तिळात कॅल्शियम. सोबत बाजरीची भाकरी, तिच्यात लोह. भाजी आणि भाकरीतलं लोह आतड्यातून रक्तात शिरायला जरा कुरकुर करतं, क जीवनसत्त्व सोबत असलं की मुकाट्याने शिरतं. म्हणून पानात लिंबाची फोड हवीच. ती नुसती ताटाच्या शोभेसाठी वाढत नाहीत, पिळा ती! पण लिंबू कढईत शिजवू नका. क जीवनसत्त्वाला उष्णता सोसत नाही.

किती भाजी खायची? जागतिक आरोग्य संघटनेने आकडे दिलेत. 6 ते 9 वर्षांच्या मुलांनी भाज्या आणि फळं मिळून दिवसाला निदान 350 ग्रॅम, आणि 10 वर्षांपासून पुढे सगळ्यांनी निदान 400 ग्रॅम. मंडईच्या भाषेत सांगायचं तर अर्ध्या किलोला थोडी कमी. काट्यावर 400 ग्रॅम मांडून बघा, एक पेरू, एक गाजर, एक काकडी आणि मूठभर मटार एवढ्यातच काटा तिथे येईल. वाटतं तेवढं काही ते भयंकर नाही. फक्त बटाटा यात धरत नाहीत. हो, मला माहीत आहे. मलाही वाईट वाटलं.

आता दुसरी बाजू. इंधन आणि सामान दोन्ही आलं, पण भट्ट्याच थोड्या असतील तर? इथे माणूस मटाराच्या पुढे जातो. मटाराला व्यायाम करून आपल्या भट्ट्या वाढवता येत नाहीत, तुम्हाला येतात! रोज पळा, सायकल मारा, दोरीच्या उड्या मारा, लंगडी-खोखो खेळा. काही आठवड्यांत स्नायूंमधल्या तंतुकणिकांची संख्या वाढते. सुट्टीत नुसतं लोळून काढलं की ती घटतेही. परवापर्यंत धाप लागणाऱ्या मुलाला तोच चढ आज सोपा वाटतो, तो काही जादूने नाही.

हे शास्त्र कुणी लिहिण्याआधी पुण्यातल्या तालमींना अनुभवाने कळलेलं होतं. मंडईच्या आसपासच्या पेठांत आजही तालमी आहेत, शुक्रवार पेठेतली चिंचेची तालीम त्यातलीच. गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. तिथे दांडपट्टा शिकायला कोण जायचं माहीत आहे? ज्यांचं नाव मंडईला आहे, तेच जोतीराव!

दांडपट्टा जमला नाही तरी बिघडत नाही. 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर घाम येईल असं काहीतरी करावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मंडईचं मेट्रो स्थानक जमिनीच्या खाली आहे. वर येताना सरकता जिना सोडा आणि साधा जिना चढा. चढण्याआधी मिनिटभर आपले श्वास मोजा, वर आल्यावर पुन्हा मोजा. आकडा वाढलेला दिसेल. ऑक्सिजन कमी पडला म्हणून तो वाढला, असं वाटतं ना? पण शरीर मुख्यतः बघतं ते रक्तात कार्बन डायऑक्साइड किती साठला ते. मांडीतल्या भट्ट्या जोरात पेटल्या, वायू वाढला, मेंदूने हुकूम सोडला : फेका बाहेर! आणि बटाटा निघाला नाकातून.

परत जाताना भाजीची पिशवी आईच्या हातात देऊ नका, स्वतः उचला. दोन्ही हातांत वजन वाटून घ्या, एका खांद्यावर नको.

घरी आल्यावर एक प्रयोग करा. ताज्या मटाराच्या शेंगांचे दोन वाटे करा. एक फ्रिजमध्ये ठेवा, एक स्वयंपाकघराच्या ओट्यावर. तिसऱ्या दिवशी घरातल्या कुणाचे तरी डोळे बांधा आणि दोन्हीतले दाणे एकेक करून खायला द्या. कोणता जास्त गोड, ते त्यांनी ओळखायचं. मात्र फ्रिजमधले दाणे आधी थोडा वेळ बाहेर काढून ठेवा, नाहीतर गार लागले म्हणून लगेच ओळखतील. निकाल वहीत लिहा आणि आम्हाला पत्राने कळवा. आजीचे डोळे बांधलेत तर ती हमखास बरोबर ओळखणार, तेव्हा तिचा निकाल वेगळ्या रकान्यात लिहा.