घर उतरवण्याआधी वही उघडा

भारतातून आई-बाबा आले की आपण त्यांना झान्से स्खान्सला नेतोच. पवनचक्क्या, हिरवी लाकडी घरं, चीज, फोटो! पण यातली बहुतेक घरं मुळात तिथली नाहीत, हे किती जणांना ठाऊक असतं? १९६१ ते १९७४ या काळात ती झान परिसरातल्या इतर ठिकाणांहून आणली गेली. काही तर अख्खीच्या अख्खी गाडीवर चढवून.

असं उचलता आलं तर उत्तमच. नाहीतर एकेक लाकूड सुटं करावं लागतं, आणि मग सगळा भरवसा नोंदींवर. आर्नहेमच्या खुल्या संग्रहालयात (सुरुवात १९१८) देशभरातली जुनी शेतघरं अशी आणून उभारली आहेत.

गंमत म्हणजे जुन्या डच सुतारांनी निम्मं काम आधीच करून ठेवलंय. ते घराचा सांगाडा आधी जमिनीवर आडवा जुळवायचे, सांध्यातल्या दोन्ही लाकडांवर पटाशीनं एकच आकडा कोरायचे, मग सुटं करून जागेवर उभारायचे. आकडे रोमन धर्तीचे, पण चार बहुधा चार उभ्या रेघांचा; नाहीतर उलट बाजूनं वाचणाऱ्याचा चार आणि सहात घोटाळा व्हायचा. एका बाजूच्या आकड्यांना एक जादा खूण, म्हणजे डावं-उजवं कळतं. पुढच्या वेळी जाल तेव्हा खांब-तुळईच्या सांध्याजवळ जरूर बघा.

पण कोरलेला आकडा फक्त जुळणी सांगतो. खिडकी नंतर बसवली का, रंगाचे थर किती, धूर कुठून जायचा, हे घर उभं असतानाच टिपायला हवं. म्हणून आधी मोजमापं, नकाशा, फोटो. मग प्रत्येक लाकडाला न गंजणारी पत्र्याची चकती आणि तोच क्रमांक नकाशावर. खडूनं लिहाल तर पहिल्या पावसात गेलं! कुजलेलं लाकूड बदललं तर नव्यावर वर्ष घाला, म्हणजे नातवंडं त्याला जुनं समजणार नाहीत.

आपल्याकडे पुण्यात दिनकर केळकरांनी कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून आपल्या संग्रहालयात उभारले, म्हणून ते आज बघता तरी येतात. बाकी वाड्यांचं काय होतं ते आपण जाणतोच. वाटण्या होतात, सागवान घनफुटावर विकलं जातं, तुळई एकीकडे, दरवाजा कुणाच्या तरी हॉटेलात.

तेव्हा डिसेंबरात गावी जाल तेव्हा टेप आणि वही न्या. कुठल्या खोलीत काय असायचं ते आजीला विचारा. आणि अशा कामाला देणगी देताना नोंदींसाठी किती रक्कम ठेवलीय तेही विचारा. कौलांसाठी पैसे जमतात, मोजणाऱ्या माणसासाठी कुणी पाकीट काढत नाही. वहीची एक प्रत मात्र दुसऱ्या गावी ठेवा. लाकडांबरोबर ठेवलीत आणि गोदामात पाणी शिरलं, तर दोन्ही गेलं.