खोली आहे का, खोली?

सुट्टी लागली की तुमच्या घरी काय होतं? नकाशा निघतो. रेल्वेचं नाहीतर एस.टी.चं तिकीट निघतं. आई चिवड्याचे डबे भरते. कुठे जायचं, काय बघायचं, काय खायचं, सगळं ठरतं. एक प्रश्न मात्र सगळे एकमेकांवर ढकलत राहतात. रात्री झोपायचं कुठे?

‘बघू तिथे गेल्यावर!’ हे आमच्या घरचं ठरलेलं उत्तर. आणि ते देणारा मीच!

२०१८ सालची नाताळची सुट्टी. मी, आमची सौ., सातवीतली थोरली आणि तिसरीतला धाकटा असे चौघे सकाळी कुडाळ स्टेशनवर उतरलो आणि तिथून मालवण गाठलं. “आधी किल्ला बघू, खोलीचं मग बघू,” मी म्हणालो. होडीतून सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. तटावरून हिंडलो, समुद्र बघितला, फोटो काढले. परत धक्क्यावर आलो तेव्हा सूर्य बुडायला टेकला होता. मग सुरू झाली वरात! पाठीवर सॅक, हातात पिशव्या आणि तोंडात एकच वाक्य, “खोली आहे का, खोली?”

पहिल्या घरी नाही. दुसऱ्या घरी नाही. तिसऱ्या घरी तर विचारायच्या आधीच मान हलली. रिक्षा करून तारकर्लीच्या रस्त्याला लागलो. तिथेही तेच. धाकटा रिक्षातच पेंगायला लागला. नवव्या घरी एक काकू कंदिलासारखा एक छोटा दिवा घेऊन अंगणात आल्या. त्यांनी आमच्याकडे बघितलं, धाकट्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “खोली नाय हा. पण पोरांक घेवन आता रातचे खय जातालात? येवा, पडवी आसा.”

त्या रात्री आम्ही पडवीत झोपलो. त्याआधी ताटात भात, सोलकढी आणि सुरमई होती. तीसुद्धा भरपूर! अचानक आलेल्या चौघांसाठी एवढं जेवण कुठून आलं? ते कोडं सकाळी सुटलं. पण ते शेवटी सांगतो. आधी मला त्या फजितीतून काय शिकायला मिळालं, ते ऐका.

घर तेच, पाहुणे नवे

हॉटेल नाही, लॉज नाही, कुणाच्या तरी राहत्या घरातली एक खोली. रात्री गादी, सकाळी न्याहारी. इंग्रजीत याला ‘बेड अँड ब्रेकफस्ट’ म्हणतात. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने त्याला छान मराठी नाव दिलं, ‘निवास व न्याहारी’. कोकणात रस्त्याकडेच्या पाट्यांवर मात्र लिहिलेलं असतं, ‘घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय’. केंद्र सरकारचीही अशी योजना आहे. तिच्यात १ ते ६ खोल्या पाहुण्यांना देता येतात, पण अट अशी की घरमालकाचं कुटुंब त्याच घरात राहिलं पाहिजे.

आपल्याला ही गोष्ट तशी नवी नाही. नाशिक, त्र्यंबकेश्वर अशा तीर्थक्षेत्री लोक पिढ्यान्‌पिढ्या तीर्थोपाध्यायांच्या घरी उतरत आले. येण्याआधी पोस्टकार्ड टाकलं की झालं बुकिंग!

आणि ज्या ‘एअरबीएनबी’चं नाव आता जगभर घेतात, त्याची सुरुवात ठाऊक आहे? २००७ सालचा ऑक्टोबर महिना. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात दोन मित्रांना घरभाडं परवडेना. त्याच वेळी शहरात एक परिषद भरली होती आणि हॉटेलं गच्च झाली होती. दोघांनी आपल्या घरात हवा भरायच्या तीन गाद्या टाकल्या आणि झोपायची जागा अधिक सकाळची न्याहारी अशी जाहिरात केली. तीन पाहुणे आले. नावातलं ‘एअर’ त्या गाद्यांमधल्या हवेचं आणि ‘बीएनबी’ म्हणजे बेड अँड ब्रेकफस्ट!

आधी ठरवावं की गेल्यावर?

याचं उत्तर कॅलेंडरात आहे.

दिवाळी, नाताळ, मे महिना आणि शनिवार-रविवारला जोडून आलेली सुट्टी, या दिवसांत आधी ठरवल्याशिवाय घराबाहेर पडू नका. घरगुती ठिकाणी खोल्या असतात दोन, तीन, फार तर पाच-सहा. त्या भरायला कितीसा वेळ लागणार? गणपतीत कोकणात जायचं असेल तर आणखी एक गंमत लक्षात ठेवा. त्या दिवसांत मुंबईचे चाकरमानी आपापल्या गावी येतात. घर घरच्याच माणसांनी भरलेलं असतं. मग पाहुण्यांना खोली कुठून मिळणार?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं गाव आहे. तिथे ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची अंडी जपतात. साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पिल्लं बाहेर येतात आणि समुद्राकडे चालू लागतात. ते बघायला माणसं लांबून येतात आणि उतरतात गावकऱ्यांच्याच घरी. इथे फोन आधी करायचाच, पण जमलं तर एकाऐवजी दोन रात्री ठरवा. कासवाची पिल्लं काही आपलं बुकिंग बघून बाहेर पडत नाहीत!

गर्दीचे दिवस नसतील तर मात्र वाटेत ठरवायला हरकत नाही. एखादा गाव आवडला, राहिलो. नाही आवडला, पुढे गेलो. फक्त माझ्यासारखं करू नका. दुपारी चारपर्यंत मुक्कामाच्या गावी पोचा. आधी खोली, मग किल्ला! स्टँडवरच्या वाणीदादांना विचारा. खोली, न्हाणीघर, संडास डोळ्यांनी बघा आणि मगच पैसे द्या. आणि सकाळी निघताना यजमानांनाच विचारा, “पुढच्या गावात तुमच्या ओळखीचं कुणी आहे का?” एक फोन करून ते पुढची सोय लावून देतात. आता आमच्या घरचा नियम असा आहे की पहिली आणि शेवटची रात्र घरून ठरवायची आणि मधल्या रात्री वाटेत.

स्वस्त म्हणजे किती?

वह्या काढा, एक गणित घालतो. आकडे मनाचे आहेत, पण गणित खरं आहे.

आई, बाबा, १२ वर्षांची ताई आणि ८ वर्षांचा भाऊ. पहिल्या घरी खोलीचे १८०० रुपये, न्याहारी त्यातच. दोघांपेक्षा जास्त माणसं असली तर प्रत्येक जादा गादीचे ३०० रुपये. जेवणाचं ताट २०० रुपये. दुसऱ्या घरी माणशी ९५० रुपये, त्यात न्याहारी आणि दोन्ही वेळचं जेवण, १० वर्षांखालच्या मुलांना अर्धा दर. स्वस्त कुठलं?

पहिल्या घरी खोलीचे १८०० आणि दोन गाद्यांचे ६०० मिळून झाले २४००. चौघांची दोन वेळची आठ ताटं म्हणजे १६००. एकूण ४००० रुपये. दुसऱ्या घरी तिघांचे २८५० आणि छोट्याचे ४७५, एकूण ३३२५ रुपये. फोनवर ‘१८०० फक्त’ ऐकून ज्यांनी पहिलं घर पकडलं, त्यांना ६७५ रुपये जास्त पडले! पण तुम्ही दिवसभर बाहेर हिंडणार आणि बाहेरच जेवणार असाल, तर हिशोब उलटा होईल. म्हणून दर विचारताना नेहमी विचारायचं, ‘खोलीचा की माणशी? आणि त्यात काय काय?’

फोन करण्यापूर्वी

हे काम आई-बाबांवर सोडू नका. वहीत यादी करा आणि फोन लागला की एकेक प्रश्न विचारा.

१. माणसं किती, त्यात मुलं किती आणि कोणत्या वयाची, हे आधी सांगा.

२. तारीख नाही, रात्री मोजा. ‘२५ ते २७’ म्हणजे दोन रात्री की तीन? ‘२५ची आणि २६ची रात्र, २७ला सकाळी निघणार’ असं सांगितलं की घोटाळा होत नाही.

३. न्हाणीघर खोलीला लागून आहे की सामायिक? आंघोळीला गरम पाणी मिळेल का? आजी-आजोबा बरोबर असतील तर जिना चढावा लागेल का, हेही विचारा.

४. न्याहारीला काय असतं? घावन, आंबोळी, मऊभात चालेल ना? शाकाहारी असाल किंवा काही सोसत नसेल, तर आधी सांगा. घरच्या स्वयंपाकघरात ऐन वेळी दहा पदार्थ होत नाहीत.

५. खोली किती वाजता मिळेल आणि किती वाजता सोडायची?

६. आगाऊ पैसे किती? येणं रद्द झालं तर त्यातले परत किती?

७. जवळची खूण कोणती? देऊळ, शाळा की पार?

फोन झाला की ठरलेलं सगळं एका निरोपात लिहून मोबाईलवर पाठवा आणि ‘होय’ असं उत्तर मागवा. तोंडी बोलणं दोन्हीकडून विसरलं जातं, लिहिलेलं राहतं.

पैसे पाठवताना मात्र मोठी माणसं जवळ हवीत. काही भामटे दुसऱ्याच्या घराचे फोटो दाखवून आगाऊ पैसे उकळतात. भाव फारच कमी आहे, ‘आत्ताच्या आत्ता सगळे पैसे टाका’ अशी घाई चालली आहे, घराची खूण विचारली की उत्तर गोलगोल येतं, असं दिसलं तर फोन ठेवून द्या. आणि एक गोष्ट पाठच करा. पैसे परत मिळवण्यासाठी आपला यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत!

आणि ते सुरमईचं कोडं

आता मालवणच्या त्या सकाळकडे जाऊ. थोरली उठून घरात हिंडत होती. ती धावत आली आणि कुजबुजली, “बाबा, आत दोन खोल्या रिकाम्याच आहेत! स्वच्छ चादरी घातल्या आहेत, उशाला टॉवेल ठेवले आहेत. मग काकूंनी आपल्याला पडवीत का झोपवलं?”

मला जरा रागच आला. घावन वाढायला आल्या तेव्हा मी काकूंना विचारलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “त्या खोल्या आठ जणांनी फोनवर सांगून ठेवल्या होत्या. ‘नक्की येतो, रात्री जेवायला येतो,’ म्हणाले. त्यांच्यासाठी काल तीन कुटुंबं परत पाठवली. बाजारातून सुरमई आणली. आलेच नाहीत. फोन केला तर उचलत नाहीत.”

“मग रात्री आम्हाला खोली का नाही दिलीत?” थोरलीने विचारलं.

“बाय, शब्द दिलेलो ना! रातचे बारा वाजता इले असते तर?”

आम्ही चौघेही गप्प झालो. आदल्या रात्री आम्ही आवडीने खाल्लं, ते न आलेल्या माणसांचं जेवण होतं. त्यांनी एक फोन केला असता तर आम्हाला खोली मिळाली असती. काकूंनी परत पाठवलेल्या कुटुंबांपैकी कुणाची तरी सोय झाली असती. काकूंचे दोन खोल्यांचे पैसे बुडाले नसते. एक फोन! त्याला पैसे तरी किती पडतात?

निघताना आम्ही पडवीचे पैसे देऊ केले. काकू फक्त जेवणाचे घ्यायला तयार झाल्या. थोरलीने मात्र त्यांचा नंबर वहीत लिहून घेतला आणि जाहीर केलं, “यापुढे घरचं बुकिंग खातं माझ्याकडे!”

पुढच्या वर्षी, २०१९च्या नाताळसाठी तिने काकूंकडे ऑक्टोबरमध्येच दोन रात्री ठरवल्या. माणसं, रात्री, जेवण, आगाऊ पैसे, सगळं लिहून झालं. आणि निघायच्या चार दिवस आधी धाकट्याला ताप आला! डॉक्टर म्हणाले, प्रवास नको. मी औषधांच्या गडबडीत होतो. तेवढ्यात आतून थोरलीचा आवाज ऐकू आला, “काकू, मी बोलतेय, पडवीवाली. भावाला ताप आलाय, आम्ही येत नाही. तुम्ही खोली दुसऱ्यांना देऊन टाका हं.”

दोन दिवसांनी काकूंचाच फोन आला. खोली गेली होती. “आगाऊ पैसे परत पाठवू की मे महिन्यासाठी ठेवू?” त्या विचारत होत्या. आणि त्याच्याही आधी त्यांनी विचारलं होतं, “झिलाचो ताप उतारलो मा?”